जिथं लिंबू पिळाल तिथं ही वाईन: गोव्यात नवशिक्यांसाठी क्रिस्प व्हाईट आणि तिच्याबरोबरचं खाणं

गोव्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींची वाईनशी पहिली ओळख बहुतेक पोर्ट वाईननेच होते, तीच ती गोड, लाल, नाताळात शेजारच्या घरी केकच्या तुकड्याबरोबर छोट्या ग्लासातून मिळणारी. ती आवडतेच, सरबतासारखी जाते घशाखाली, आणि मग डोक्यात पक्कं बसतं की वाईन म्हणजे गोड. त्यानंतर कधीतरी ऑफिसच्या पार्टीत कोणीतरी थंडगार फिकट पिवळी व्हाईट वाईन हातात देतं, पहिला घोट घेतला की तोंड आंबतं आणि माणूस विचारतो, खराब झालीय का ही?

खराब नसते हो. ती तशीच असते, क्रिस्प म्हणतात ती हीच, आंबट, साखर जवळपास नाही (ड्राय किंवा कोरडी म्हणतात ते यालाच), अंगाने हलकी, आणि पिऊन झाल्यावर जिभेच्या कडेला लाळ सुटते. नुसती पिताना ती जरा अंगावर येते हे खरंच आहे, पण तिला एकटी पिऊच नका ना, ती जेवणाबरोबरची आहे. आणि गोव्यातलं मासळीचं खाणं तिच्यासाठी इतकं सोयीचं आहे की इथं राहून ती फक्त बिअरच्या बदली म्हणून घ्यायची म्हणजे वाया घालवणं झालं.

नियम एकच सांगतो, बाकी सगळा लेख त्याचाच विस्तार समजा: ज्या पदार्थावर तुम्ही खाताना लिंबाची फोड पिळता, त्याच्याबरोबर ही वाईन चालते. ज्याच्यावर लिंबू पिळायचा विचारही मनात येत नाही तिथं ती नको. माशाला व्हाईट आणि मटणाला रेड हे जे सगळे सांगतात ते अर्धवट आहे, कारण मासा तोच, पण तळलेला इसवण (म्हणजे आपली सुरमई) आणि हुमणातला, म्हणजे नारळाच्या आमटीतला, इसवण या वाईनच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत.

दुकानात काय मागायचं

लेबलवर द्राक्षाचं नाव बघा. सुरुवातीला सॉव्हिन्यॉ ब्लाँ घ्या, डोळे झाकून. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात आणि बोर्दोत हे द्राक्ष जुनं, सान्सेर ही प्रसिद्ध वाईन याचीच, आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोने गेल्या चाळीसेक वर्षांत ते जगभर पोचवलं. आपल्याकडे नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाने २००० च्या सुमाराला सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ बाजारात आणल्या, त्यानंतर यॉर्क, अकलूजची फ्रातेल्ली, नंदी हिल्सची ग्रोव्हर झाम्पा या सगळ्यांच्या सॉव्हिन्यॉ मिळायला लागल्या. गोव्यात यातल्या एक-दोन तरी कुठल्याही बऱ्या दुकानात असतातच. वास हिरवा येतो, ढोबळी मिरची, नुकतं कापलेलं गवत, कच्चा पेरू, कधी पॅशनफ्रूट. हा हिरवा वास पुढे जेवणात कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

शेनिन ब्लाँ पण छान असते पण भारतातल्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर ठेवलेली असते, मागच्या लेबलवर सेमी ड्राय किंवा ऑफ ड्राय असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. तीही घरात असू दे, तिचं काम वेगळं आहे, खाली येईलच. लेट हार्वेस्ट किंवा डेझर्ट लिहिलेलं असेल तर ती गोड, आज नको. ओक, बॅरल असे शब्द दिसले तर ती जरा जाड, लाकडाचा, व्हॅनिलाचा वास असलेली निघेल, तीही आज नको. आपल्याला स्टीलच्या टाकीत थंड तापमानाला आंबवलेली, लाकडाला न लागलेली हवीय.

परदेशी घ्यायचीच असेल तर माझा कल पोर्तुगालच्या विन्हो व्हेर्देकडे. उत्तरेकडच्या मिन्हो भागातली, आल्वारिन्यू, लोरेरू, आरिंतू अशा द्राक्षांची, अल्कोहोल बऱ्याचदा ९ ते ११ टक्केच, जिभेवर किंचित बुडबुडे. १९६१ पर्यंत इथं पोर्तुगीज होते, त्यांच्याकडे उत्तरेत पोर्तू शहरात २४ जूनला सां जुआंवच्या सणाला रस्त्यारस्त्यावर सार्डिन भाजतात आणि बरोबर ही वाईन असते, त्याच दिवशी आपल्याकडे सांजांवला लोक डोक्यावर कोपेल म्हणजे फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. फक्त इकडे त्या वेळी मासेमारी बंद असते, फ्रेश तारले कुठून आणणार. पणजी-मडगावच्या मोठ्या दुकानांत विन्हो व्हेर्दे कधीकधी दिसते, दिसली तर घ्या, पण वर्ष बघून.

वर्षाचं महत्त्व का ते सांगतो. रेड वाईनसारखी ही ठेवून चांगली होत नाही, जितकी ताजी तितकी बरी. नाशिकचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च, त्यामुळे बाटलीवर मागच्या किंवा त्याच्या आधीच्या वर्षाचा आकडा असेल तर बिनधास्त घ्या, चार-पाच वर्षांपूर्वीची डिस्काउंटमध्ये देतोय म्हणून घेऊ नका. आणि गोव्यातला दुसरा प्रॉब्लेम उष्णता. बऱ्याच दुकानांत बाटल्या दारासमोरच्या शेल्फवर उभ्या, दुपारचं ऊन थेट अंगावर, एप्रिल-मे मध्ये तर शिजतातच त्या. उन्हाने गेलेल्या व्हाईटचा रंग गडद होतो, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा येतो. म्हणून शेल्फवरची नको, सरळ विचारायचं, "पात्रांव, फ्रिजांतली आसा?" नसेल तर मागच्या खोलीतल्या खोक्यातली मागायची. स्क्रूचं झाकण असलं की हलक्या दर्जाची असं काही नसतं, उलट सोय आहे, बुचाचा स्क्रू शोधत बसायला नको.

पैशाचं म्हणाल तर गोव्यात दारूवर कर कमी म्हणून सगळंच स्वस्त वाटतं, पण परदेशी वाईनवरची कस्टम ड्यूटी वर्षानुवर्षं १५० टक्के होती, ऑस्ट्रेलियाबरोबर २०२२ मध्ये करार झाला तेव्हा त्यांच्या ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांवर कमी झाली. म्हणजे परदेशी बाटलीच्या किमतीत वाईनचा वाटा किती हे तुम्हीच बघा. शिकायला नाशिकची पुरते, आणि ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर अजूनच बरं.

थंड करणं, याच्यात कंजूषी नको

साधारण ८ ते १० डिग्री. घरचा फ्रिज ४-५ डिग्रीला असतो, त्यात तीन तास ठेवा आणि गोव्यात असाल तर काढल्या काढल्या ओता, कारण आपल्या हवेत ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो. युरोपातली पुस्तकं फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा म्हणतात, ते त्यांच्या डिसेंबरसाठी.

घाई असेल तर फ्रीझरमध्ये टाकून विसरायचं काम नाही, बूच वर येतं नाहीतर बाटली फुटते. बादली घ्या, त्यात बर्फ, बर्फाइतकंच पाणी, आणि दोन मुठी जाडं मीठ, पेडण्याच्या आगरांतलं गावठी मीठ असेल तर उत्तम, तेवढंच त्याला काम. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाटली मानेपर्यंत गार होते. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवली तर मध्ये हवा राहते, वेळ दुप्पट लागतो. समुद्रावरच्या शॅकमध्ये हीच अडचण, बकेट येते पण त्यात चार बर्फाचे खडे आणि बाटली कोमट. मागच्या सीझनला एका शॅकमध्ये आमच्या टेबलवर बाटली आली ती हाताला गरम लागत होती, वेटरने वर हसून सांगितलं की ग्लासात आईस टाकतो ना सर. त्याला नको म्हणायचं. बकेटमध्ये पाणी आणि किचनमधलं मीठ आणायला सांगायचं, तोपर्यंत एक लिंबू सोडा प्यायचा.

ग्लासाचं फार मनावर घेऊ नका, काचेचा, पातळ कडेचा, तोंड पोटापेक्षा जरा निमुळतं असलेला कुठलाही चालतो. मात्र भांड्यांच्या साबणाचा वास नको आणि मासळीच्या ताटाबरोबर एकाच पाण्यात धुतलेला तर अजिबात नको, वाईनमध्ये पहिला वास त्याचाच येतो. ग्लास एक तृतीयांश भरा. पूर्ण भरून ठेवलात तर वरची पिईपर्यंत खालची गरम.

पहिल्या बाटलीबरोबर हा प्रयोग करा

हे खरंच करा, वाचून सोडू नका, पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर कुठल्याही वेटरला विचारायची गरज पडत नाही. एका ताटलीत चार गोष्टी घ्या: चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा, आणि हिरव्या मिरचीचा एक छोटा तुकडा. मध्ये मध्ये साधं पाणी, पोळीचा किंवा पोईचा (गोव्याच्या पावाचा) तुकडा.

आधी नुसता घोट घ्या, आंबटपणा किती ते बघा. मग जिभेवर मिठाचे चार दाणे, आणि घोट. वाईन एकदम मऊ लागते, आंबटपणा खाली बसतो, फळाचा वास वर येतो. मग लिंबू चोखा आणि घोट घ्या, आता ती जवळजवळ गोडसर वाटेल, कारण जिभेने आधीच मोठा आंबटपणा घेतलाय. पाणी प्या. मग गूळ. गुळानंतरचा घोट भयानक लागतो, कडवट, पातळ, नुसतं आंबट पाणी. आणि शेवटी मिरची, इथे मजा बघा, वाईन थंड असेल तर पहिला क्षण बरं वाटतं आणि मग जाळ वाढतो, कारण अल्कोहोल तिखटाची आग भडकवतं.

झालं. खारट आणि आंबट पदार्थ मित्र, गोड शत्रू, तिखट जपून. आता ताटाकडे वळू.

ताटातलं काय काय

सगळ्यात वरचा नंबर रवा फ्राय. इसवण, चणक, मुडदुशी, लेपो, काहीही. मीठ-हळद-तिखट आणि आमसुलाचं आगळ किंवा लिंबू लावून ठेवलेला तुकडा, रव्यात घोळवून तव्यावर, बाहेरून खरखरीत. त्यात मीठ आहे, आंबट आहे, तेल आहे, आणि वाईनचा आंबटपणा तेल धुऊन काढतो, लाळ सुटते, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मुडदुशी सगळ्यात भारी, नाजूक मांस, मसाला वर नावापुरता, वाईनला तिथं कोणाशी भांडावं लागत नाही. तिखट लावताना हात जरा आखडता घ्या इतकंच, आणि लिंबाची फोड ताटात असली तरी आधी एक घास वाईनबरोबर खाऊन बघा, बऱ्याचदा पिळायची गरजच वाटत नाही.

त्यानंतर तिसऱ्या. तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं भुरभुरवलेलं, किंवा शिनाणे (मसल्स) रव्यात तळलेले. शिंपल्यांना जो समुद्राचा खारेपणा असतो तो या वाईनला फार सोसतो, फ्रान्समध्येही समुद्रकाठी कालवांबरोबर अशाच आंबट कोरड्या व्हाईट पितात. तिकडे कच्ची खातात, आपल्या नदीतली कच्ची खायचा नाद करू नका, कालवंही रव्यात घोळवून तळूनच घ्या. माणकी म्हणजे स्क्विड बटर-गार्लिकमध्ये केलेली असेल तर तीही बसते, फक्त रबर होईपर्यंत शिजवलेली नसावी, पण तो दोष वाईनचा नाही.

सुंगटांचे म्हणजे कोळंबीचे रिसॉइस हा मी तर म्हणेन लपलेला हिरा आहे. बेकरीत मिळतात ते अर्धचंद्रासारखे, ब्रेडक्रंब्जमध्ये तळलेले, आत सुंगटं आणि पांढरा सॉस. दुधाळ, तेलकट, मसाला जवळजवळ नाही. लोक ते चहाबरोबर खातात. एकदा गरम गरम आणून सॉव्हिन्यॉबरोबर खा, पार्टीला दुसरं काही करावं लागत नाही.

आणि आता काफ्रेयाल, चिकन आहे म्हणून बाजूला ठेवू नका. आफ्रिकेतून, मोझांबिककडून पोर्तुगीजांबरोबर आलेला पदार्थ असं मानतात, हिरवा मसाला, भरपूर कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लिंबू किंवा व्हिनेगर, त्यात मुरवलेलं चिकन भाजायचं नाहीतर तळायचं. इथे तो सॉव्हिन्यॉचा हिरवा वास कामाला येतो. कोथिंबीर आणि तो गवताचा वास एकमेकांत असे मिसळतात की ग्लास ताटातूनच आल्यासारखा वाटतो. हॉटेलात मागवताना मिरची कमी सांगा, आणि बटाटे, कांदा, लिंबाची फोड बरोबर असू दे. घरी करत असाल तर काश्मिरी मिरची घालून लाल करू नका कृपया, मग ते दुसरंच काही होतं.

बांगड्याचं रेशाद हा वादाचा विषय. लाल मिरची आणि गोवन व्हिनेगरचा तो मसाला बांगड्याच्या पोटात भरलेला. बांगडा तेलकट, त्याला आंबट वाईन हवीच, मसाल्यातलं व्हिनेगर पण आंबट म्हणजे जुळायला हवं, पण तिखट जास्त झालं की वर सांगितलेला मिरचीचा प्रकार होतो. माझ्या मते घरचं, मध्यम तिखट रेशाद आणि कडक थंड विन्हो व्हेर्दे चालतं कारण त्यात अल्कोहोल कमी. १३ टक्क्यांची सॉव्हिन्यॉ आणि बारमधलं लालभडक रेशाद, नको, तिथे बिअरच बरी. बांगड्याबरोबर रेड वाईन मात्र कधीच नको, रेडमध्ये लोह जास्त असलं की माशाच्या तेलाबरोबर ते तोंडात हिमस वास उभा करतं, आणि तो पाणी पिऊनही जात नाही.

हुमण आलं की ग्लास बाजूला

इथे मला माहितीय बरेच जण नाराज होतील, कारण गोव्यात येऊन हुमण-भाताबरोबर वाईन नाही तर कशाबरोबर. पण बघा ना, हुमणात नारळाचं घट्ट वाटण, धने, मिरची, तिरफळं, आमसुलं. नारळाला स्वतःचा गोडवा आहे आणि त्याची चरबी जिभेवर थर करून बसते, गुळाच्या खड्याबरोबर वाईनचं जे झालं त्याचंच सौम्य रूप इथे होतं, ती पातळ आणि कडवट लागायला लागते. शिवाय हुमणावर कोणी लिंबू पिळतं का? आमसूल आत आहेच. भात आला की सोलकढीच.

म्हणून मी जेवणाचे दोन भाग करायला सांगतो आणि आमच्या घरी येणाऱ्यांना तसंच वाढतो. आधी तळलेलं, सुकं, तोंडात टाकायचं, त्याच्याबरोबर एक ग्लास, फार तर दीड. मग शीत-कडी म्हणजे भात-आमटी येते तेव्हा वाईन बंद. यात वाईनही नीट कळते आणि हुमणही, आणि दुपारी झोपही शहाण्यासारखी लागते.

कोणाला करीबरोबर हवीच असेल तर त्याच्यासाठी ती थोडी गोडसर शेनिन बाहेर काढा, तिचं काम हेच. सुंगटांची करी, शाकुती जर कमी तिखट असेल तर तीही. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणापुढे कोरडी सॉव्हिन्यॉ टिकत नाही, थोडी साखर असलेली टिकते. विंदालू, बालचांव, चोरीस (गोव्याची सॉसेज) या तिखटजाळ पदार्थांकडे मात्र कुठलीच क्रिस्प व्हाईट नेऊ नका. चोरीस-पावाबरोबर फेणी किंवा थंड बिअर, त्यात कमीपणा काही नाही. आणि बेबिंकाबरोबर तर मुळीच नाही, सात थर साखर, अंडी, नारळाचं दूध, वाईन तिथे मरते.

शिवराक (शाकाहारी) दिवशी

सोमवार-गुरुवार, किंवा श्रावण पाळणाऱ्यांनी वाईन पाळायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, मी त्यात पडत नाही, पण शाकाहारी मित्र आले तर काय द्यायचं हे विचारणारे बरेच असतात. नीरफणसाची कापं. रव्यात घोळवून खरपूस तळलेली, वर मीठ, लिंबू. वांग्याची, सुरणाचीही चालतात पण सुरण नीट आमसुलात उकडलेलं हवं नाहीतर घसा धरेल आणि नाव वाईनचं जाईल. कोथिंबीर वडी, ही तर सॉव्हिन्यॉची सख्खी, काफ्रेयालचंच कारण. वडीत गूळ घालायची सवय असेल तर त्या दिवशी वगळा. हिरवी चटणी, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट आणि साखर न घालता, ताज्या पनीरचे तुकडे मीठ-मिरी-लिंबू लावून. बकरीच्या दुधाचं चीज मिळालं तर काय सांगावं, ल्वारच्या खोऱ्यात सान्सेर आणि त्याच भागातलं शाव्हिन्योलचं बकरीचं चीज ही जोडी जुनी आहे, आंबटाला आंबट. खतखतं, तोणाक, मुगागाठी या सगळ्या नारळाच्या, त्यांना हुमणाचाच नियम.

बाहेर खाताना

मेनूत व्हाईट वाईन बाय द ग्लास लिहिलेलं असेल तर बाटली कधी उघडली ते विचारा, लाजायचं काही कारण नाही. आज किंवा काल म्हणाले तर ठीक. ऑर्डर द्यायचा क्रम उलटा करा, आधी आज ताजं काय आलंय ते विचारा, मग ते कसं करणार ते ठरवा, आणि वाईन शेवटी. तंदूर मासा मागवलात तर दह्याचा मसाला, चालतो. बटर-गार्लिक चालतं. मसाला फ्राय म्हणजे बऱ्याच ठिकाणी रेशादच असतं, तेव्हा विचारून घ्या. जून-जुलैत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मेनूतला बराचसा समुद्राचा मासा बर्फातला, त्यापेक्षा नदीतली, मानशीतली (खाजणाच्या पाण्याच्या दारापाशी धरलेली) सुंगटं, शेवटे, चणक मिळतायत का बघा.

किनाऱ्यावर वाळूत बाटली घेऊन बसायचं ते फोटोत छान दिसतं पण गोव्यात उघड्यावर पिण्याला बंदी आहे, दंड होतो, आणि फुटलेली काच कोणाच्या तरी पायात जाते. प्यायचं वय इथे २१.

किती प्यायची तेही हिशोबात धरा, कारण थंड, हलकी म्हणून ही भरभर जाते. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास, साडेबारा टक्क्यांची असेल तर एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे अख्खी बाटली रिचवली तर व्हिस्कीचे जवळजवळ साडेतीन लार्ज झाले. गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम, एक-दीड ग्लासातच त्याच्या आसपास पोचतो माणूस. स्कूटर घरी ठेवा.

उरली तर

झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये, उभी. दोन-तीन दिवस ठीक, त्यानंतर वास मरतो. अर्धी उरणार हे माहीत असेल तर सुरुवातीलाच एका स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी तितकी जास्त टिकते.

चौथ्या दिवशीची ओतून देऊ नका, तिसऱ्या आणा. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू सोडू द्या, दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, ज्यांचं तोंड आधीच उघडं आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही त्या फेकून द्या. टोपात थोडं तेल, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची चिरून, लसूण लाल व्हायच्या आत अर्धी वाटी वाईन ओता, एक मिनिट खदखदू द्या म्हणजे अल्कोहोलचा उग्र वास जाईल, मग तिसऱ्या टाकून झाकण. चार-पाच मिनिटांत उघडतात, न उघडलेल्या काढून टाका. वरून मूठभर कोथिंबीर, आणि खालचा रस पोईने पुसून खायचा. मीठ आधी घालू नका, तिसऱ्यांचं पाणी आपलं आपण खारट असतं, चव बघून शेवटी लागलं तरच.